मूळ गाड्या जेमतेम हजार, रस्त्यावर मात्र कित्येक हजार! रेप्लिका स्पोर्ट्स कार हा नेमका काय प्रकार आहे?

2019 साली आलेला ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मॅट डेमनने त्यात कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरची भूमिका केली होती. 1960 च्या दशकातल्या एकापेक्षा एक देखण्या गाड्या पडद्यावर सुसाट धावतात, एकमेकींना घासतात, आदळतात. हे बघताना मनात एक प्रश्न येतोच. कोट्यवधींच्या या दुर्मीळ गाड्या शूटिंगसाठी दिल्या तरी कुणी?

उत्तर सोपं आहे. दिल्याच नाहीत! चित्रपटात धावणाऱ्या बहुतेक रेसिंग गाड्या रेप्लिका होत्या, म्हणजे जुन्या गाडीबरहुकूम नव्याने बनवलेल्या. मूळ गाड्या संग्रहालयांत आणि धनाढ्य मंडळींच्या गॅरेजमध्ये सुरक्षित होत्या.

अशा गाड्या फक्त सिनेमावालेच वापरतात असं नाही. अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत हजारो सामान्य माणसांकडे त्या आहेत. कुणी निवृत्त शिक्षक असतो, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी इंजिनिअर. यातले बरेच जण गाडी विकत घेत नाहीत, तर घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडतात. आणि जोडून झाली तरी हातातला पाना काही सुटत नाही.

पण हा छंद दिसतो तितका साधा नाही. ब्रेकचा नट स्वतः आवळलेला असेल, तर तो सुटला तेव्हा दोष कुणाला द्यायचा? मूळ गाडी 10 लाख डॉलरला आणि तशीच दिसणारी गाडी तिच्या दहाव्या हिश्शात मिळत असेल, तर एक दुसरी म्हणून विकली जाणार नाही कशावरून? समजून घेऊया रेप्लिका गाड्यांचं हे जग, जगात सर्वाधिक नक्कल झालेल्या गाडीच्या, म्हणजे ‘कोब्रा’च्या निमित्ताने.

रेप्लिका म्हणजे काय आणि काय नाही?

जुन्या गाड्यांच्या बाजारात चार शब्द कानावर पडतात. त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ आणि फसवणूक दोन्ही होतात.

पहिला शब्द ‘रिस्टोअर केलेली’. ही मूळ गाडीच असते. गंज काढून, भाग बदलून, रंग देऊन तिला पूर्वीच्या रूपात आणलेलं असतं.

दुसरा ‘रेप्लिका’. ही वेगळी, नव्याने बनवलेली गाडी. दिसायला जुनीसारखी, पण चासी, इंजिन आणि ब्रेक बहुतेक वेळा आधुनिक असतात. विकणारा आणि घेणारा दोघांनाही ती रेप्लिका आहे हे माहीत असतं.

तिसरा ‘कंटिन्युएशन’. मूळ कंपनीने किंवा तिच्या अधिकृत परवान्याने अनेक वर्षांनंतर पुन्हा बनवलेली गाडी. तिला नवा क्रमांक दिलेला असतो.

चौथा ‘बनावट’. ही गाडी तांत्रिकदृष्ट्या रेप्लिकाच असते, फक्त तिच्या कागदपत्रांत ती मूळ असल्याचा दावा केलेला असतो.

थोडक्यात, रेप्लिका आणि बनावट यांच्यातला फरक पत्र्यात नसतो, कागदात असतो.

कोब्राचा जन्म : अमेरिकन इंजिन, इंग्लिश गाडी

कॅरोल शेल्बी मूळचे टेक्सासचे. रेसिंगमध्ये येण्यापूर्वी त्यांनी कोंबड्या पाळण्याचाही धंदा करून पाहिला होता. 1959 मध्ये रॉय साल्वाडोरी यांच्या जोडीने त्यांनी ॲस्टन मार्टिनच्या गाडीतून फ्रान्समधली ‘ल माँ’ची 24 तासांची शर्यत जिंकली. पण हृदयविकारामुळे पुढच्याच वर्षी त्यांना रेसिंग थांबवावं लागलं. गाडी चालवता येत नसेल तर आपणच गाडी बनवावी, असं त्यांनी ठरवलं.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एसी कार्स या छोट्या कंपनीपुढे एक अडचण उभी राहिली. तिच्या ‘एस’ नावाच्या हलक्या, सुंदर स्पोर्ट्स कारला लागणारं ब्रिस्टल कंपनीचं 2 लिटरचं इंजिन बंद होत होतं. 1961 मध्ये शेल्बींनी एसीला पत्र लिहून तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-8 इंजिन बसवू का, असं विचारलं. दुसरीकडे फोर्डला शेवरलेच्या कॉर्व्हेटला टक्कर देणारी गाडी हवीच होती. फोर्डने इंजिन दिलं, एसीने चासी आणि बॉडी दिली, आणि 1962 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वर्कशॉपमध्ये पहिली कोब्रा तयार झाली. तिचा चासी क्रमांक होता सीएसएक्स 2000.

सुरुवातीला गाडी एकच होती. मासिकांना चाचणीसाठी देताना तिला दर वेळी वेगळा रंग दिला जायचा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की कारखान्यातून धडाधड गाड्या बाहेर पडतायत! हीच पहिली गाडी शेल्बींनी आयुष्यभर स्वतःकडे ठेवली. 2012 मध्ये त्यांचं निधन झालं आणि 2016 मध्ये झालेल्या लिलावात ती 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली.

पहिल्या कोब्रात सुमारे 4.2 लिटरचं इंजिन होतं. लवकरच 4.7 लिटरचं आलं, आणि 1965 मध्ये तब्बल 7 लिटरचं. या शेवटच्या इंजिनासाठी चासीचे पाइप जाड केले, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, मडगार्ड फुगीर झाले. साधारण एक टन वजनाच्या गाडीत 400 हून अधिक अश्वशक्ती! आज ‘कोब्रा’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते याच गाडीचं रूप.

त्याच वर्षी कोब्राच्या चासीवर बनलेल्या ‘डेटोना कूप’ने जीटी गाड्यांचं जागतिक विजेतेपद पटकावलं. पण धंद्याचं गणित काही बसलं नाही. 1967 पर्यंत उत्पादन थांबलं. सगळ्या प्रकारच्या मिळून बनलेल्या कोब्रा होत्या सुमारे 1 हजार.

यात एक गंमत आहे. ज्या एसी एसवरून कोब्रा बनली, तिची बॉडीच मुळात फेरारीच्या ‘166 बार्केटा’ या गाडीच्या धाटणीवर बेतलेली होती. म्हणजे जगात सर्वाधिक नक्कल झालेली गाडी स्वतःही अगदी शंभर टक्के ‘ओरिजिनल’ नव्हती. इंग्लंडची चासी, इटलीचा चेहरा आणि अमेरिकेचं इंजिन. आपल्या भाषेत सांगायचं तर दर्जेदार जुगाड.

नक्कल हिचीच का झाली?

पहिलं कारण अर्थातच दुर्मिळता. हजारच गाड्या, त्यातल्या काही शर्यतींत मोडल्या, काही जळाल्या. उरलेल्यांच्या किमती आभाळाला भिडल्या. 7 लिटरच्या मूळ कोब्रासाठी आज सहज 10 लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोब्राची रचना अतिशय साधी आहे. खाली शिडीसारखी दोन जाड पाइपांची चासी, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वर उघडी बॉडी. छप्पर नाही, वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, एसी नाही. त्यातही इंजिन फोर्डचं. त्या घराण्यातली इंजिनं पुढे कैक वर्षं लाखोंच्या संख्येने बनत राहिली आणि त्यांचे सुटे भाग अमेरिकेत गल्लोगल्ली मिळू लागले.

फेरारीची नक्कल करायची तर फेरारीचं इंजिन आणायचं कुठून? कोब्राला हा प्रश्न पडतच नाही. तिचा आत्माच बाजारात सुटा मिळतो!

असंच नशीब पोर्शेच्या ‘356 स्पीडस्टर’ आणि ‘550 स्पायडर’ या गाड्यांचंही निघालं. हॉलिवूडचा तरुण नट जेम्स डीन 30 सप्टेंबर 1955 ला 550 स्पायडर चालवत असतानाच अपघातात गेला होता. पोर्शे 356 चा जन्मच फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांतून झालेला. त्यामुळे बीटलची चासी कापून आखूड करायची आणि त्यावर स्पीडस्टरची बॉडी चढवायची, हा मार्ग नक्कल करणाऱ्यांना आयता सापडला. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, अगदी मूळ गाडीसारखंच.

साच्यातून गाडी

मूळ कोब्राची बॉडी ॲल्युमिनियमची होती. कारागीर पत्रा हाताने ठोकून तिला आकार द्यायचे. रेप्लिकाची बॉडी बहुधा फायबरग्लासची असते.

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. एका मूर्तीवरून साचा काढायचा आणि त्या साच्यातून हव्या तितक्या मूर्ती घडवायच्या, हे गणपतीच्या कारखान्यांत दर वर्षी चालतं. इथेही तसंच. साच्याच्या आतून आधी जेलकोट नावाचा गुळगुळीत थर देतात, त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरतात, वरून रेझिन लावतात. ते कडक झालं की बॉडी साच्यातून सुटी करतात. हलकी, स्वस्त आणि कधीच न गंजणारी.

पण फायबरचे स्वतःचे नखरे आहेत. साधं उदाहरण घ्या. पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच वीज परत जाते, त्यामुळे दिव्याला एक वायर पुरते. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, मीटरला अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागते. ती सैल झाली की इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट मिचमिचतो, पेट्रोलचा काटा नाचतो आणि मालक रात्रभर वायरी शोधत बसतो.

‘किट’ची भानगड आली कुठून?

घरी गाडी जोडण्याच्या प्रथेला ब्रिटनमध्ये करामुळे जोर आला. तिथे तयार गाडीवर मोठा खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर मात्र लागत नसे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957 पासून ‘लोटस सेव्हन’ ही चिमुकली गाडी किटच्या रूपात विकली. तेव्हाचा एक किस्सा आजही सांगितला जातो. किटसोबत गाडी जोडण्याच्या सूचना द्यायला मनाई होती. मग लोटसने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या!

1973 मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅमने घेतले. आजही ही गाडी बनते. पुढे 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बनवावी हे सांगणारं पुस्तक आलं. भंगारातली जुनी फोर्ड घ्यायची, लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करायचे आणि सेव्हनसारखी गाडी उभी करायची. त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाची गाड्यांची एक जातच तयार झाली.

अमेरिकेत कोब्राच्या किटला घराघरांत पोहोचवण्यात 1995 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या ‘फॅक्टरी फाइव्ह रेसिंग’चा मोठा वाटा आहे. त्यांची युक्ती सोपी होती. एक जुनी, ठोकलेली फोर्ड मस्टँग विकत घ्या. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ब्रेक काढा. नवी चासी आणि बॉडी आम्ही देतो.

ज्यांना पाना धरायची हौस नाही त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या ‘सुपरफॉर्मन्स’च्या गाड्या आहेत. या जवळजवळ तयार येतात. अमेरिकेत फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला की झालं.

गॅरेजमध्ये नेमकं काय चालतं?

किट येतं ते मोठमोठ्या खोक्यांत. पहिलं काम भाग मोजण्याचं. त्यानंतर चासी घोड्यांवर चढवून सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची टाकी, इंजिन-गिअरबॉक्स आणि वायरिंग अशा क्रमाने काम पुढे सरकतं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात.

यातला सर्वांत आवडता टप्पा म्हणजे ‘गो-कार्ट’. इंजिन बसलंय, चाकं लागलीत, पण बॉडी अजून चढलेली नाही. अशा उघड्या सांगाड्यावर एक सीट टाकून गाडी आवारातल्या आवारात पहिल्यांदा चालवतात. हौस भागते हे खरंच, पण हेतू वेगळा असतो. कुठे तेल गळतंय, ब्रेक ओढतोय का, कुठला बोल्ट सैल आहे, हे सगळं या अवस्थेत उघड दिसतं. बॉडी चढल्यावर तिथे हात घालणं मुश्कील होतं.

सर्वांत जोखमीचं काम दिसायला मामुली असतं. ब्रेकच्या पाइपचं टोक बरोबर फुलवणं, जोड घट्ट करणं, ब्रेकमधली हवा पूर्ण काढणं. इथली चूक चालवतानाच कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून अनुभवी मंडळी प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या ताकदीने आवळतात आणि त्यावर रंगाची रेघ ओढतात. पुढे ती रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट फिरला.

गाडी ‘पूर्ण’ का होत नाही?

रेप्लिकावाल्याला ‘गाडी झाली का पूर्ण?’ असं विचारू नये म्हणतात. ती कधीच होत नाही.

कारण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या साध्या गाडीमागेही शेकडो इंजिनिअरांनी केलेल्या चाचण्या असतात. थंडीत, उन्हात, खड्ड्यांत, घाटात. घरी जोडलेल्या गाडीची चाचणी एकच माणूस घेतो, तिचा मालक. त्यामुळे कारखान्यात निस्तरल्या गेल्या असत्या अशा सगळ्या कुरबुरी त्याच्या वाट्याला येतात.

कोब्राच्या रेप्लिकात हमखास दिसणाऱ्या काही तक्रारी अशा :

- सिग्नलला गाडी तापते. छोट्या जागेत मोठं इंजिन असल्याने गरम हवा बाहेर पडायला वाव नसतो. मग रेडिएटरभोवती पत्रे लावून हवेची वाट अडवणं, पंखा बदलणं सुरू होतं.
- कार्ब्युरेटरचं गणित जमत नाही. सकाळी थंड इंजिन खोकतं, तापल्यावर पेट्रोलचा वास येतो. काही जण शेवटी फ्युएल इंजेक्शनकडे वळतात, काही जण त्याला पाप समजतात.
- खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. स्टिअरिंगच्या दांड्याची उंची काही मिलिमीटर चुकली तरी हा दोष येतो.
- दरवाजा आणि बॉडीमधली फट एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. ती सारखी करण्यात पूर्ण उन्हाळा जातो.
- जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

आणि एक खास कोब्राचा प्रसाद. या गाडीचे सायलेन्सरचे पाइप दरवाजाखालून, बाजूने जातात. उतरताना पाय चुकला की पोटरीवर चटका बसतो. मालक मंडळी त्याला ‘सापाचा दंश’ म्हणतात आणि तो डाग अभिमानाने दाखवतात!

सौंदर्य 1965 चं, तशीच सुरक्षाही

मूळ कोब्रात एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं, धडक शोषून घेणारी रचना नव्हती. बहुतेक रेप्लिकांतही यातलं काही नसतं. ओल्या रस्त्यावर एक्सलेटर जरा जास्त दाबला तर मागची चाकं जागेवर फिरतात आणि सावरणारा संगणक गाडीत नसतो.

त्यात आणखी एक छुपा धोका. या गाड्या वर्षाला फार कमी धावतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वर्षागणिक कडक होत जातं आणि पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून गाडी उभी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. रेप्लिका घेताना रंग बघण्याआधी टायरवरची तारीख बघावी, असं म्हणतात ते यासाठी.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक देशाने वेगळं उत्तर शोधलंय.

अमेरिकेत बराच काळ पळवाट अशी होती की कंपनीने पूर्ण गाडी विकायचीच नाही. किट किंवा इंजिनाशिवाय गाडी विकायची. डिसेंबर 2015 मध्ये कायदा बदलला. छोट्या कंपन्यांना 25 वर्षांहून जुन्या मॉडेलच्या वर्षाला 325 पूर्ण रेप्लिका बनवायला परवानगी मिळाली. अपघात-सुरक्षेच्या अनेक आधुनिक नियमांतून सूट, मात्र धुराबाबत सूट नाही, अशी विभागणी झाली. प्रत्यक्ष नियम तयार व्हायला 2021 उजाडलं.

ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या गाडीची सरकारी केंद्रावर एक-एक करून तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर तर बघतातच, पण बाहेर आलेल्या टोकदार कडाही तपासतात, कारण पादचाऱ्याला इजा होऊ नये. जुने भाग वापरलेल्या आणि वय ठरवता न येणाऱ्या गाडीला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारी नंबर प्लेट मिळते. ती प्लेट बघूनच कळतं की गाडीचं वय सांगता येत नाही.

कंपन्यांनीही कोर्टाची पायरी चढलीय. 1980 च्या दशकात ‘मायामी व्हाइस’ या मालिकेतल्या नायकाची काळी फेरारी प्रत्यक्षात कॉर्व्हेटच्या चासीवर बनवलेली रेप्लिका होती. फेरारीने आक्षेप घेतला, मालिकेला खऱ्या ‘टेस्टारोसा’ गाड्या दिल्या आणि 1986 मध्ये ती रेप्लिका पडद्यावर क्षेपणास्त्राने उडवून देण्यात आली! 1991 मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने फेरारीसारख्या गाड्या बनवणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्ध निकाल दिला. विकत घेणाऱ्याला गाडी नकली असल्याचं माहीत असलं, तरी रस्त्यावरून बघणाऱ्याची फसगत होते, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

कोब्राबाबत मात्र वेगळं घडलं. शेल्बींच्या बाजूने फॅक्टरी फाइव्हवर दावा झाला आणि 2002 मध्ये तडजोड झाली. ‘कोब्रा’ हे नाव वापरायचं नाही, असं ठरलं. त्यामुळे ती गाडी ‘रोडस्टर’ या नावाने विकली जाते. सुपरफॉर्मन्सने पुढे शेल्बींच्या कंपनीकडून अधिकृत परवानाच घेतला.

खुद्द निर्मात्यावरच प्रश्न उठले तेव्हा

रेप्लिकाच्या जगातला सर्वांत अवघड प्रसंग खुद्द शेल्बींशी जोडलेला आहे. 1990 च्या सुमारास त्यांनी सांगितलं की 1960 च्या दशकातल्या, न वापरलेल्या काही चासी आपल्याकडे शिल्लक आहेत आणि त्यावर आता गाड्या पूर्ण करतोय. चासी क्रमांक जुन्याच मालिकेतले. म्हणजे किंमतही जवळपास मूळ गाडीसारखी.

1993 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने या चासी अलीकडेच बनवल्याचं वृत्त दिलं आणि मोठं वादळ उठलं. त्यानंतर शेल्बींच्या नावाने ज्या कोब्रा बनल्या, त्या नव्या क्रमांक-मालिकेत, उघडपणे ‘कंटिन्युएशन’ म्हणून विकल्या गेल्या. त्यांनाही गिऱ्हाइकं मिळाली, आजही मिळतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्याने मूळ गाडी घडवली त्यालासुद्धा तिची जन्मतारीख मागे नेता येत नाही. गाडी तीच, बनवणाराही तोच, पण क्रमांक जुना लावला की संशय येतो आणि नवा लावला की सन्मान राहतो. म्हणूनच जाणकार मंडळी मूळ कोब्रा घेताना इंजिनाच्या आवाजापेक्षा चासी क्रमांकाचा इतिहास जास्त बारकाईने तपासतात. आधी कुणाकडे होती, अपघात झाला का, चासी कधी बदलली का, याच्या नोंदी गाडीगणिक ठेवलेल्या असतात.

भारतात अशी गाडी बनवता येईल का?

बनवता येईल, पण रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य आहे.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. जुन्या गाडीची बॉडी काढून त्यावर कोब्राची चढवली, तर आरसी बुक आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही. आणि नवी गाडी म्हणून नोंदवायची तर पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्या मॉडेलला मंजुरी हवी. एका हौशी माणसाला त्याच्या एका गाडीसाठी हा खर्च परवडणारा नसतो.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट आणली. पण तिथेही अट आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे रेप्लिकाला तोही दरवाजा बंद.

महाराष्ट्राने याचं एक गोड-कडू उदाहरण पाहिलंय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून, सुमारे 60 हजार रुपयांत, जीपसारखी दिसणारी छोटी गाडी बनवली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ व्हायरल झाला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण नियमांत बसत नसल्याने ही गाडी कधी ना कधी थांबवली जाईल, हेही सांगितलं. त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती दिलीही. हाताची कला वाखाणली गेली, गाडी मात्र रस्त्यावरून गेली.

ब्रिटनसारखी एकेका गाडीची परवडणारी तपासणी आपल्याकडे असती तर? अशा कारागिरांना वाट मिळाली असती. दुसरी बाजूही आहे. तपासणीची पक्की यंत्रणा नसताना घरगुती गाड्यांना रान मोकळं केलं, तर किंमत रस्त्यावरचे इतर लोक मोजतील.

मग ही हौस कशासाठी?

मूळ कोब्राचा मालक तिला पावसात काढत नाही. एका ओरखड्याने लाखोंचं नुकसान होतं, म्हणून ती बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेली असते. रेप्लिकाच्या मालकाला ती भीती नाही. तो रविवारी सकाळी गाडी काढतो, धूळ-चिखल उडवतो, परत येताना काहीतरी खडखडलं म्हणून संध्याकाळी तिच्याखाली शिरतो. ज्या कामासाठी कोब्रा बनली होती, ते काम आज प्रामुख्याने तिच्या नकलाच करतायत.

फक्त दोन गोष्टी पाळाव्या लागतात. कुणी ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारलं तर खरं सांगायचं. आणि ब्रेकच्या बोल्टवरची रंगाची रेघ गाडी बाहेर काढण्याआधी दर वेळी बघायची.